लॅपटॉपमध्येच सिम हवं का, सॅटेलाइट हवं का: पवनचक्की तपासणाऱ्या एका टीमचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पवनचक्क्यांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीचं आहे. नाव, जागा काही सांगत नाही, माणसं ओळखू येतील असे तपशीलही काढून टाकलेत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय. मी तेव्हा त्यांच्या आयटीचं बघत होते, म्हणजे लॅपटॉप, सिम, सॉफ्टवेअर, आणि कुणाचं काही अडलं की पहिला फोन मला.

फील्डवर दोघादोघांच्या आठ जोड्या, फिरतीवर चार सुपरवायझर, ऑफिसात रिपोर्ट तपासणारे दोन इंजिनिअर, असे सगळे मिळून २२ लॅपटॉप. जोडीचं काम म्हणजे पवनचक्की बंद करायची, वर चढायचं, पाती, बोल्ट, गिअरबॉक्स बघायचं, फोटो काढायचे, खाली टॉवरच्या बुडात जे कंट्रोल पॅनेल असतं त्याला लॅपटॉप वायरने जोडून डेटा उतरवून घ्यायचा आणि रिपोर्ट ऑफिसला पाठवायचा. ऑफिसातला इंजिनिअर बघून "चालू करायला हरकत नाही" म्हणाला की मगच मशीन सुरू होतं. तोपर्यंत वारा कितीही सुटलेला असो, पाती उभी.

आता पवनचक्क्या असतात कुठे, तर जिथे वारा तिथे, म्हणजे डोंगराच्या धारेवर, पठारावर, माळावर. मोबाइलचा टॉवर उभा राहतो तो माणसं बघून, वारा बघून नाही. त्यामुळे रेंजचं दुखणं या धंद्यात पहिल्या दिवसापासूनचं आहे.

लॅपटॉप पाच वर्षांचे झाले होते, नवे घ्यायचे ठरलं आणि मीटिंगमध्ये प्रश्न आला की या वेळी सिमवालेच, म्हणजे फोनसारखं स्वतःचं नेट असलेले, घ्यायचे का. एक साहेब म्हणाले घ्याच, रोजची कटकट मिटेल. दुसरे म्हणाले सिम कशाला, आता फोनमध्ये सॅटेलाइट आलंय, वर्षभरात लॅपटॉपमध्येपण येईल, थांबू या. तिसऱ्यांचा दोन्हीला विरोध, कारण त्याच्याही आधीच्या खेपेला कंपनीने ३जी मॉडेम, म्हणजे मोबाइलचं नेट पकडणारा भाग, असलेले लॅपटॉप घेतले होते आणि पुढे मोबाइल कंपनीने ३जी बंद केल्यावर ते मॉडेम मेले, लॅपटॉप मात्र ठणठणीत. हे खूप ठिकाणी झालंय, अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं तेव्हा गाड्यांमधली आणि अलार्ममधली कित्येक यंत्रं अशीच मुकी झाली. म्हणजे तिसऱ्या साहेबांची शंका चुकीची नव्हती.

अडचण नेमकी काय होती

मी ठरवलं की आधी दोन दिवस एका जोडीबरोबर जायचं. आज मागे वळून बघताना या सगळ्या प्रकरणात मी केलेलं सगळ्यात बरोबर काम तेच वाटतं.

संध्याकाळी काम संपल्यावर जोडीतले सिनिअर टेक्निशियन, चौदा वर्षं चढताहेत, मी त्यांना दादाच म्हणते, ते गाडी घेऊन साइटपासून चारेक किलोमीटरवरच्या एका चढावर आले. रोजची ठरलेली जागा, रस्त्याच्या कडेला टायरच्या खुणा पडलेल्या. फोन गाडीच्या टपावर उताणा ठेवला, हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप पुढच्या सीटवर उघडला आणि अपलोड लावलं. साठेक फोटो, एकेक ५ एमबीचा, म्हणजे ३०० एमबीची फाइल. रेंजच्या दोन काड्या. अपलोड ८३ टक्क्यांपर्यंत गेलं आणि तुटलं. परत लावलं तर शून्यापासून. दादा काहीच बोलले नाहीत, फक्त टपावरचा फोन उचलून उलट्या हाताने बघितला, तो तापला होता, आणि बॅटरी ६ टक्के. मग फोन चार्जिंगला लावायला गाडीत आणावा तर रेंज जाते आणि टपावर ठेवावा तर चार्जरची वायर पुरत नाही.

"मॅडम, नेट आहे हो," ते म्हणाले, "पण काम होत नाहीये."

मला त्या क्षणी अपलोडपेक्षा त्या ६ टक्क्यांची जास्त भीती वाटली. हा माणूस दिवसभर ८० मीटर उंचीवर चढतो, त्याच्याकडे मदत मागायचं एकच साधन आहे ते म्हणजे तो फोन, आणि आपण त्याच फोनला रोज ऑफिसचा राउटर करून टाकलंय. परतीचा रस्ता अंधाराचा, घाटाचा, आणि फोन मरायला टेकलेला. हे कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात येत नाही, पण माझ्यासाठी लॅपटॉपला स्वतःचं नेट असावं याचं सगळ्यात मोठं कारण तिथेच ठरलं.

बाकीच्या कटकटी छोट्या पण रोजच्या. कोणी जोडलेलं नसलं की फोन काही वेळाने हॉटस्पॉट आपोआप बंद करतो, इकडे लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉट गेलाच, मग लॅपटॉप उठवा, फोन काढा, परत लावा, परत जोडा. यूएसबीची वायर लावून नेट दिलं तर फोन निदान लॅपटॉपवर चार्ज होतो, पण मग फोन लॅपटॉपजवळ हवा आणि रेंज टपावर. ब्लूटूथने द्यायचं तर त्या वेगात ३०० एमबीचं नाव काढायला नको.

आणि टॉवरच्या आत तर काहीच नाही. पवनचक्कीचा टॉवर म्हणजे बहुतेक वेळा पोलादी नळी, दार ओढून घेतलं की फोनची रेंज एकदम शून्य. लॅपटॉपचं निम्मं काम नेमकं तिथेच चालतं.

कोणते पर्याय होते

आहे तसंच चालू ठेवणं हाही पर्यायच होता आणि तो फुकट दिसत होता. फुकट नव्हता, पण दिसत होता, म्हणून मीटिंगमध्ये तो शेवटपर्यंत टिकला.

दुसरा पर्याय खिशातल्या हॉटस्पॉटच्या डबीचा. फोनची बॅटरी वाचते हे खरं. पण अजून एक वस्तू, तिचं अजून एक चार्जिंग, आणि सोळा माणसांमध्ये अशा डब्या हरवणार हे मला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं.

तिसरा लॅपटॉपमध्येच मॉडेम. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण खरेदी करताना बहुतेक लोक इथेच फसतात. लॅपटॉपमधला मॉडेम म्हणजे एक छोटी पट्टी असते, एम डॉट टू नावाच्या खाचेत बसणारी, फाइली साठवणारी एसएसडी बसते तशीच, फक्त खाचेचा प्रकार वेगळा. ही पट्टी नंतरही टाकता येते, वर्षाने, दोन वर्षांनी. पण अँटेना सहसा नंतर टाकता येत नाही. अँटेना स्क्रीनच्या कडेने किंवा बिजागरीजवळ आत फिरवलेल्या असतात आणि धातूच्या बॉडीत त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची जागा सोडलेली असते, ते सगळं कारखान्यातच होतं. म्हणून एकाच मॉडेलचे तीन प्रकार मिळू शकतात: मॉडेम बसवलेला, मॉडेम नाही पण खाच आणि अँटेना आहेत असा, आणि दोन्ही नाही असा. तिसरा घेतला की पुढची पाच वर्षं दार बंद. शिवाय काही लॅपटॉपचं बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, ठरावीकच मॉडेम स्वीकारतं, कुठलीही पट्टी आणून खोचली आणि चाललं असं होत नाही, ते आधी विचारून घ्यावं लागतं.

३जीचं जे झालं त्याचं उत्तरही इथेच आहे. मॉडेम बदलता येणारी पट्टी असेल तर नेटवर्कची पिढी बदलल्यावर पट्टी बदलायची, मदरबोर्डला चिकटवलेला असेल तर मग लॅपटॉपच बदला.

चौथा सॅटेलाइट. यावर मी आठवडाभर वाचत होते, कारण "थांबू या" म्हणणाऱ्या साहेबांना नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं. फोनमध्ये सॅटेलाइट आलं हे बरोबर. आयफोन १४ मध्ये नोव्हेंबर २०२२ पासून संकटकाळी मेसेज पाठवायची सोय आली, पण त्यासाठी मोकळं आकाश लागतं, फोन उपग्रहाच्या दिशेला धरावा लागतो आणि जातो तो छोटा मेसेज. जानेवारी २०२३ मध्ये चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने आणि सॅटेलाइट फोनवाल्या इरिडियमने मिळून अँड्रॉइड फोनसाठी असंच काही जाहीर केलं होतं, ते त्याच वर्षाच्या शेवटी गुंडाळलं, कारण फोन बनवणाऱ्यांनी ते घेतलंच नाही. म्हणजे जाहीर झालं म्हणजे आलं असं नसतं.

हिशोब तर अजून स्पष्ट होता. इरिडियमचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून फिरतात, जगात कुठेही पोचतात, पण फोनवरचा त्यांचा जुना डेटा वेग २.४ केबीपीएस. आमचा ५ एमबीचा एकच फोटो त्यावरून पाठवायचा तर साडेचार तासांच्या वर जातात. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारे, ३५,७८६ किलोमीटरवर, तिथून जाऊन-येऊन नुसत्या प्रवासालाच जवळपास अर्धा सेकंद जातो आणि डिश नेमकी रोखून धरावी लागते. सॅटेलाइटवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत म्हणून तिथे वेग मिळतो, पण त्याला चपटी अँटेना लागते. २०२४ मध्ये आलेली त्यांची मिनी नावाची छोटी अँटेना घेतली तरी ती किलोभर वजनाची आणि २५ ते ४० वॉट खाते. साध्या लॅपटॉपची बॅटरी ५० ते ६० वॉट-अवरची. म्हणजे हे लॅपटॉपच्या पोटात घातलं तर बॅटरी दोन तासांत संपली, स्क्रीनचा खर्च धरलाच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लॅपटॉप आपण वापरतो कुठे? छपराखाली, गाडीत, टॉवरच्या आत. उपग्रहाला लागतं उघडं आकाश. मोबाइलचा सिग्नल भिंतीतून, खिडकीतून, आपटून-बिपटून थोडाफार आत येतो कारण टॉवर काही किलोमीटरवर असतो आणि जोरात बोलतो. उपग्रहाचं तसं नाही. मोबाइलचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या गटाच्या रिलीज १७ नावाच्या नियमावलीत २०२२ साली उपग्रहावरून मोबाइल जोडायचे नियम आले, त्यामुळे एकाच मॉडेममध्ये दोन्ही येणार हे दिसत होतं, पण तसं झालं तरी लॅपटॉप घेऊन उन्हात उभं राहावंच लागेल. काही देशांत परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, तर लॅपटॉपमध्येच ते बसवलेलं असलं की प्रवासात काय होईल हाही विचार करायला हवा.

चाचणी

मी मीटिंगमध्ये सांगितलं की ठरवण्याआधी मोजू. दोन साइट घेतल्या, एक कमी रेंजची, एक अजिबात रेंज नसलेली. उसना आणलेला मॉडेमवाला लॅपटॉप, दादांचा फोन, आणि गाडीत ठेवायचा एक ४जी राउटर, ज्याची अँटेना चुंबकाने टपाला चिकटते.

काड्या बघून काही कळत नाही, प्रत्येक फोन काड्या आपल्या मनाने दाखवतो. डीबीएममधला, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककातला, आकडा बघायचा. ४जीमध्ये साधारण उणे ८० म्हणजे मस्त, उणे ११० च्या पुढे रडतखडत, उणे १२० ला आशा सोडायची. आणि १० डीबीचा फरक म्हणजे दहापट ताकद, दहा टक्के नाही.

गाडीच्या आत फोन उणे ११५ च्या आसपास, टपावर ठेवला की सुधारला, लॅपटॉप बॉनेटवर ठेवला तर टपावरच्या फोनच्या जवळपास तेवढाच. मला वाटत होतं लॅपटॉप खूप पुढे जाईल, झाकणात जागा मोठी, अँटेना एकमेकींपासून लांब, हातात धरलेला नसतो. फोनपेक्षा थोडा बरा होता, चमत्कार नव्हता. कारण पाठवायची ताकद दोघांचीही नियमाने तेवढीच, साधारण ०.२ वॉट, आणि आमचं घोडं अडत होतं ते पाठवण्यातच. टपावरची अँटेना मात्र सरळसरळ दहाएक डीबी पुढे. उंची, मोकळी जागा आणि खाली टपाचा सपाट पत्रा, या तिन्हीचा फायदा. ज्या जागी दादांना चार किलोमीटर लांब जावं लागायचं तिथे टपाच्या अँटेनावर साइटवरूनच फाइल जायला लागली.

दुसऱ्या साइटवर सगळेच शून्य. तिथे सॅटेलाइटची चपटी अँटेना जमिनीवर ठेवली, आकाशाकडे तोंड करून, आणि काही मिनिटांत नेट आलं. ते बघून दादांनी पहिल्यांदा लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला आणि पोरीला पवनचक्की दाखवली. चौदा वर्षांत तिने बाबा कुठे काम करतात ते पाहिलं नव्हतं.

निर्णय कसा झाला

खरं वळण आलं ते लॅपटॉपमुळे नाही. रिपोर्ट तपासणाऱ्या इंजिनिअरला मी सहज विचारलं की सर, तुम्हाला ३०० एमबी लागतातच का लगेच? ते म्हणाले, नाही हो, मंजुरीला मला फॉर्म लागतो आणि सहा-सात फोटो, बाकी सगळं रेकॉर्डला, ते उद्या आलं काय परवा आलं काय.

म्हणजे इतकी वर्षं सगळे मिळून एक अशी फाइल ढकलत होते जिच्यातला एक छोटा तुकडाच त्या संध्याकाळी लागत होता. कुणी विचारलंच नव्हतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला बसवून दोन बदल करून घेतले: मंजुरीचा भाग आधी आणि वेगळा जाईल, लहान केलेल्या फोटोंसकट ३-४ एमबीमध्ये, आणि मोठी फाइल तुकड्यांनी जाईल, तुटली तर तुटलेल्या जागेपासून पुढे. ३०० एमबीला १ एमबीपीएसवर (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा भाग) ४० मिनिटं लागतात, ४ एमबीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

एवढं झाल्यावर मॉडेमची गरजच काय, असा प्रश्न लगेच आला. मी म्हटलं गरज आहे, कारण अर्धा मिनिट झालं तरी ते दादांच्या फोनवरूनच जाणार आणि मला तो फोन मोकळा ठेवायचाय. शेवटी ठरलं ते असं: २२ च्या २२ लॅपटॉप अँटेना आणि खाचवाले, पण मॉडेम फक्त बाराच, म्हणजे आठ जोड्यांना एकेक आणि सुपरवायझरना चार. प्रत्येक गाडीत टपाच्या अँटेनाचा राउटर. आणि सॅटेलाइटचे दोन संच, जी जोडी रेंज नसलेल्या साइटवर जाणार तिने घेऊन जायचे.

जिथे माझं चुकलं

पहिल्याच महिन्यात तक्रार आली की टॉवरच्या दारात, जिथे थोडी रेंज येते तिथे, पॅनेलची वायर लावली की लॅपटॉपचं नेट जातं. कारण सोपं होतं, पॅनेलकडून लॅपटॉपला गेटवेचा, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराचा, पत्ता मिळत होता आणि विंडोज वायरला पहिला मान देतं, त्यामुळे सगळा ट्रॅफिक वायरीकडे, जिथे इंटरनेट नाहीच. मी वायरीला हाताने आयपी, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता, दिला, गेटवे रिकामा ठेवला, नेट आलं, सगळे खूश. मीही खूश होते.

पंधरा दिवसांनी पवनचक्कीच्या मालकांकडच्या सुरक्षा बघणाऱ्या मॅडमचा फोन. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की तुमचा लॅपटॉप एका बाजूने आमच्या कंट्रोलरला जोडलेला असताना दुसऱ्या बाजूने इंटरनेटला जोडलेला असतो का? मी हो म्हटलं आणि म्हणतानाच मला कळलं मी काय केलंय. कंट्रोलरचं, म्हणजे त्या पॅनेलमधल्या मशीन चालवणाऱ्या यंत्राचं, नेटवर्क मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेलं असतं आणि मी आठ लॅपटॉपमधून त्याला पूल बांधून दिला होता. लॅपटॉपमध्ये काही शिरलं असतं तर तिथून थेट मशीनपर्यंत रस्ता.

फोनचा हॉटस्पॉट असताना हा धोका आपोआप कमी होता, कारण तो कटकटीचा होता, माणूस गरज असेल तेव्हाच लावायचा. लॅपटॉपमध्ये मॉडेम असला की तो कायम चालू, कुणी काही करायची गरज नाही, हाच त्याचा फायदा आणि हाच धोका. मॉडेमवाले लॅपटॉप विकताना हे कुणी सांगत नाही आणि मी विचारलंही नव्हतं. आम्ही त्याच दिवशी सगळ्यांना थांबवलं, मग एक छोटा प्रोग्राम टाकला, वायर जोडली की मॉडेम आणि वायफाय दोन्ही बंद, वायर काढली की चालू. त्या मॅडमनी स्वतः येऊन तपासलं आणि मगच परत परवानगी दिली.

डेटाचंही तसंच. विंडोज सिमच्या नेटला मोजून वापरायचं नेट समजतं, मोठे अपडेट आपणहून ओढत नाही, त्यावर मी निर्धास्त होते. पण बॅकअपचं वेगळं सॉफ्टवेअर ते काही मानत नव्हतं, आणि हे लॅपटॉप झाकण मिटल्यावरही नेट धरून ठेवणारे. एका सुपरवायझरचा लॅपटॉप रात्रभर बॅगेत बॅकअप घेत राहिला, सकाळी बॅटरी संपलेली आणि सगळ्यांच्या सामायिक प्लॅनमधला मोठा वाटा गेलेला.

ई-सिमबद्दलही थोडं. ई-सिम म्हणजे लॅपटॉपच्या आतच बसवलेलं सिम, ते हरवत नाही म्हणून आम्ही ई-सिम घेतली, चांगलीच आहेत, पण प्रोफाइल, म्हणजे सिमची माहिती, उतरवायला आधी दुसरं नेट लागतं, आणि एका लॅपटॉपचा बोर्ड सर्व्हिसमध्ये बदलला तर सिम त्या बोर्डाबरोबरच गेलं, मग नवीन कोड मागवण्यात चार दिवस. प्लॅस्टिकचं सिम असतं तर काढून दुसऱ्यात घातलं असतं. आता जोड्यांना प्लॅस्टिकचं, सुपरवायझरना ई-सिम.

निकाल

मंजुरी पूर्वी बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी यायची, आता बहुतेक साइटवर त्याच संध्याकाळी येते आणि मशीन अंधार पडायच्या आत फिरायला लागतं. यात सगळ्यात मोठा हात छोट्या फाइलचा, त्याखालोखाल टपाच्या अँटेनाचा. लॅपटॉपमधला मॉडेम जोड्यांच्या कामात तिसऱ्या नंबरवर आहे, हे मी साहेबांनाही स्पष्ट सांगितलं.

पण सुपरवायझरांकडे उलटं झालं. मॉडेम खरा वसूल केला तो त्यांनी, ज्यांना तो जवळपास सहज म्हणून दिला होता. एका साइटवरून दुसरीकडे जाताना दहा मिनिटं मिळाली की झाकण उघडायचं, नेट असतंच, दोन रिपोर्ट बघायचे, झाकण मिटायचं. पूर्वी हॉटस्पॉट लावण्यात दोन-तीन मिनिटं जायची म्हणून ते लॅपटॉप उघडायचेच नाहीत, सगळं रात्री घरी. एक सुपरवायझर ताई म्हणाल्या की आता रात्रीचं काम जवळजवळ संपलंय. कुठल्याच अनोळखी वायफायला जोडावं लागत नाही हाही फायदाच.

सॅटेलाइटचे संच महिन्यातून पाच-सात दिवस लागतात. ते लॅपटॉपच्या बाहेर आहेत हेच बरं, कारण लॅपटॉप गाडीत आणि अँटेना उघड्यावर ठेवता येते, आणि एका संचावर दोघांचे लॅपटॉप, फोन सगळं चालतं.

आज परत करायचं तर

सुरक्षेचा प्रश्न खरेदीच्या आधी विचारेन, आणि ज्यांच्या मशीनला आमचा लॅपटॉप लागतो त्यांनाच विचारेन. आम्ही मोबाइलच्या रेंजवर तीन मीटिंग घेतल्या आणि या प्रश्नावर एकही नाही.

रिपोर्टचा आकार पहिल्या दिवशी बघेन. नवे लॅपटॉप यायच्या आधी, जुन्याच लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर बदलता आलं असतं आणि दादांचे किमान सहा महिने वाचले असते.

मॉडेम जोड्यांना आधी की सुपरवायझरना आधी, यात मी क्रम उलटा करेन, जोड्यांना टपाचा राउटर आधी देईन. दादांच्या लॅपटॉपमधला मॉडेम मात्र काढून घेणार नाही. गाडी दूर उभी असते, राउटर बिघडतो, तेव्हा तोच उपयोगी पडतो आणि फोन खिशात राहतो. परवा संध्याकाळी त्यांच्याशी बोलत होते, मी मुद्दाम बॅटरी विचारली, ७१ टक्के म्हणाले.

अँटेनाच्या बाबतीत मात्र आजही काहीच बदलणार नाही. २२ ही लॅपटॉप अँटेनावाले घेताना ऑफिसात बसणाऱ्यांना कशाला, असं दोनदा विचारलं गेलं होतं. गेल्या महिन्यात कंपनीने दोन जोड्या वाढवल्या आणि त्यांच्यासाठी रिकाम्या खाचेचे दोन लॅपटॉप काढले. मागचे स्क्रू सोडवायचे, पट्टी खाचेत बसवायची, आतच गुंडाळून ठेवलेल्या अँटेनाच्या वायरी तिच्यावर दाबायच्या, सिम घालायचं. दुसरा लॅपटॉप तर नवीन आलेल्या टेक्निशियननेच केला, मी फक्त कुठली वायर कुठे ते सांगत होते.